तळघरातला लोणा

आमच्या जळगाव जामोदच्या घराला तळघर आहे. पावसाळा उलटला की त्याच्या भिंतींना आतून ओल सुटते आणि वाळताना पांढरा लोणा फुटतो, मिठासारखा. दर दिवाळीआधी माझे सासरे पुंजाजी, आमचे मामाजी, तो करवंटीने खरवडायचे आणि वरून पांढऱ्या मातीचा हात फिरवायचे. दोन वर्षांपूर्वी माझी लेक पायल त्यांच्यासोबत खाली गेली होती, तीन वर्षांची. भिंतीला लावलेलं बोट ती चाटताना मला दिसली.

आमचा खारपाणपट्टा, जमिनीतलं पाणीच खारट. किडनीच्या आजाराचं नाव इथे गल्लीगल्लीत ऐकू येतं. त्यात मी बीएस्सी केमिस्ट्री. घाबरायला मला कारणं लवकर सापडतात. मामाजींना मात्र मी एका शब्दाने बोलले नाही. ते चार दिवस साखरखेर्ड्याला लग्नाला गेले, तेव्हा नवऱ्याच्या, गणेशच्या, मागे लागून मिस्त्री बोलावला. तळघरभर सिमेंटचं प्लास्टर केलं, झरोकाही बुजवला.

परत आल्यावर मामाजींनी भिंतीवरून हात फिरवला.

"भितीले घाम येते, सुचिता. येऊ द्या लागते."

गणेश हसून म्हणाला, बाबा, आता तुम्ही रिटायर. मामाजींनी करवंटी चुलीत टाकली.

वर्षभर खाली कोरडं ठणठणीत होतं. यंदाच्या पावसाळ्यात मात्र अडलेली ओल भिंतीतून वर चढली, थेट मामाजींच्या खोलीत. लोणा त्यांच्या उशाशी फुटला. त्यांना दमा. त्यांनी नुसती खाट हातभर सरकवली. मग आणखी हातभर. फरशीवर खाटेच्या पायांच्या खुणा उमटायच्या. झाडताना त्या मी पुसून काढायची. विचारलं असतं तर चूक कबूल करावी लागली असती.

कार्तिकात डॉक्टरांनी बजावलं, त्या खोलीत झोपायचं नाही. मिस्त्री म्हणाला, प्लास्टर फोडता येईल, पण भिंत वाळायला दोन उन्हाळे जातील. उरलेल्या एका खोलीत आम्ही तिघं. मामाजींनी राखीताईंना, माझ्या नणंदेला, साखरखेर्ड्याला फोन लावला.

बस स्टँडवर मी एकदाची बोलले. पायल लोणा चाटत होती, त्या भीतीने मी ते प्लास्टर केलं.

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"मंग मले सांगा लागत होतं ना, बाई. म्या तिले खाली नेलीच नसती."

बस लागली. त्यांची पिशवी चढवून द्यायला मी हात पुढे केला. त्यांनी ती स्वतःच उचलली.