ऑर्डेलच्या ट्रकमधली सीट

मी मोटारीतली सीट आहे. बटण दाबलं की पुढे-मागे, वर-खाली होणारी. माझा जन्म एका मोठ्या, महागड्या गाडीसाठी झाला. तिचा मालक वारला आणि गाडी भंगारात गेली. अमेरिकेत नॉर्थ डकोटातल्या त्या भंगारवाड्यात ज्याला जो भाग हवा तो त्यानंच खोलून न्यायचा. ऑर्डेल ट्वेट नावाचा म्हातारा पाने-पकडी घेऊन आला, तेव्हा मला तिथं दोन हिवाळे झाले होते.

सत्तरी ओलांडलेला शेतकरी तो. मला खांद्यावर घेताना पुटपुटला, "चल बाई, तुझ्याकडे काम आहे."

काम म्हणजे त्याची बायको, आर्लिस. तिच्या पायांतली ताकद गेली होती. डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा तिला शहरात न्यावं लागे. ट्रक जुना, उंच. ऑर्डेल तिला उचलून चढवायचा. एकदा दोघंही बर्फात पडली. मुलीनं फोनवर बजावलं, "बाबा, पुन्हा असं झालं तर आईला वृद्धाश्रमात ठेवायचं." आर्लिसला त्याच जागेची धास्ती होती.

ऑर्डेलनं अंगणात लाकडी उतार बांधला. चाकाची खुर्ची त्यावरून ट्रकच्या दाराशी यायची, मी मागे सरकून खाली व्हायचे आणि आर्लिस मध्ये टेकवलेल्या फळीवरून माझ्यावर सरकायची.

माझ्यासाठी त्यानं इंजिनाकडच्या पत्र्याला भोक पाडून बॅटरीपासून जाड वायर ओढली. शेजारचा लाइल कॉफीचा पेला घेऊन बघत होता. त्याचं सगळं आयुष्य विजेच्या खांबांवर गेलेलं.

"अरे ऑर्डेल, फ्यूज सीटखाली कसला लावतोस? बॅटरीजवळ लाव, म्हणजे वायर कुठंही कापली तरी वीज तुटेल. आणि त्या भोकाला रबर घाल, नाहीतर पत्रा वायर कापेल."

"चाळीस वर्षं माझी यंत्रं कोण दुरुस्त करतंय? तुझी आजी?"

"माझ्या आजीनं रबर घातलं असतं."

लाइल गेला. केलेलं काम शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून पुन्हा उकलायचं, हे इकडच्या शेतकऱ्याला जमत नाही. सूर्यफूल काढून झालं की बघू, असं ऑर्डेल स्वतःशीच म्हणाला.

पहिल्या दिवशी आर्लिसनं मला पार वर नेलं. "अगं बाई! पलीकडचं शेत दिसतंय. आणि तुझं टक्कलसुद्धा!" ती लहान मुलीसारखी हसली. मग म्हणाली, "लाइल म्हणाला ते केलंस ना?"

"केलं गं. कितीदा विचारशील?"

केलं नव्हतं.

शरद ऋतू नीट गेला. जानेवारीत, खडीच्या रस्त्यावर, मला अचानक वीज अडखळल्यासारखी वाटली. मग जळक्या रबराचा वास आला आणि डॅशबोर्डखालून धूर. समोरचं दिसावं म्हणून आर्लिस मला पुढे घेऊन बसली होती. ऑर्डेलनं गाडी थांबवली, धावत तिच्या बाजूला आला आणि बटण दाबत राहिला. पण पत्र्यानं कापलेली वायर वितळली होती. मला इंचभरही मागे सरकता आलं नाही. तिचे गुडघे डॅशबोर्डखाली अडकले होते, आणि आग तिथंच होती.

त्यानं तिला ओढून काढलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग तो ओंजळीनं बर्फ आत फेकत राहिला, म्हणून मी अर्धीच जळाले.

आर्लिस आता वृद्धाश्रमात आहे. पाय भाजलेले, हाड सांधत नाही. भंगारातली सीट खराब निघाली, असं ऑर्डेलनं सगळ्यांना सांगितलंय. तिलाही.

मी कोठारात पडून आहे. दर रविवारी तिला भेटायला जाण्याआधी ऑर्डेल धुतलेला सदरा घालून येतो, पालथ्या बादलीवर बसतो आणि टोपी हातात घेऊन म्हणतो, "आर्लिस, मी रबर घातलं नव्हतं. तुझ्याशी खोटं बोललो." दोन-तीनदा, स्पष्ट म्हणतो. मग जातो. परत आल्यावर माझ्याकडे बघत नाही, त्यावरून मला कळतं की तिला सांगितलेलं नाही.

गेल्या रविवारी तिला भेटून आल्यावर तो पुन्हा बादलीवर येऊन बसला. "ती म्हणते, माझ्यासाठी एवढं केलंस, तुझा काय दोष," एवढंच बोलला. मग म्हणाला, डॉक्टरांनी तिचे थोडेच दिवस सांगितलेत.

ऑर्डेल, मला खराब म्हण. परत भंगारात टाक, माझी तक्रार नाही. पण ते रबराचं वाक्य माझ्यापाशी ठेवून जाऊ नकोस. ते तिचं आहे, आणि ऐकायला ती अजून आहे.