सात महिने भरलेली जागा

"भाऊसाहेब, एका जागी बसा तरी. मी बोलतेय आणि तुम्ही खोलीभर फिरताय. भिंतीशी बोलू का?" मोठ्या बाई म्हणाल्या.

मी बसलो. बाटलीत पाणी होतं, तरी ती भरून आणायला पुन्हा उठलो. परत आलो तर त्या तिथेच होत्या. मुख्याध्यापिका म्हणून अठरा वर्षं काढलेली बाई अशी सहज उठून जात नाही.

"सहावी-सातवीला सात महिने गणिताला शिक्षक नाही," त्या म्हणाल्या. "चित्रकलेचे सर तास घेतात. परवा त्यांनी मुलांकडून त्रिकोण रंगवून घेतले. सुंदर रंगवलेत हो! क्षेत्रफळ विचारलं तर एकालाही येत नाही. तुमच्याकडे तीन पत्रं पाठवली मी. गेली कुठं?"

मी टेबलाचा खालचा खण उघडला आणि तिन्ही पत्रं त्यांच्यासमोर ठेवली. एकावरही आवक क्रमांक नव्हता.

त्यांनी पत्रांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. 

"तक्त्यात ती जागा भरलेली आहे," मी म्हणालो. "मी रिकामी दाखवली नाही."

ती जागा माझ्या बायकोची होती.

माझं काम सांगतो. जिल्ह्यातल्या सगळ्या शिक्षकांचा तक्ता माझ्याकडे असतो. कोण कुठला विषय शिकवतो, त्या विषयाची पदवी आणि प्रशिक्षण आहे का, निवृत्ती कोणत्या साली. पाच वर्षांनी किती विज्ञानाचे लागतील, किती भाषेचे, हे मी आधीच काढून ठेवतो आणि प्रशिक्षण महाविद्यालयाला कळवतो. ज्यांची पात्रता अपुरी, त्यांना सुट्टीतल्या वर्गांना पाठवतो. सुरुवात केली तेव्हा शंभरातले एकतीस शिक्षक आपला नसलेला विषय शिकवत होते. चौदा वर्षं लागली. गेल्या वर्षी तो आकडा शून्यावर आला.

ही मला चिडवायची. "तुम्ही म्हणजे लोकांच्या निवृत्तीवर टपून बसलेले. माझी कधी हो?"

"नऊ वर्षांनी."

"मग नऊ वर्षं तरी माझ्या मागे लागू नका."

तिला ताप आला आणि नवव्या दिवशी ती गेली. पगार शाखेने त्याच महिन्यात नाव कमी केलं, ते त्यांचं काम. तक्ता माझा. पहिल्या आठवड्यात हात धजला नाही. दुसऱ्यात म्हटलं, पुढच्या सोमवारी करू. मग मोठ्या बाईंचं पहिलं पत्र आलं आणि मी ते खणात टाकलं. रोज सकाळी तक्ता उघडायचा, तिची ओळ बघायची. विषय गणित. पात्रता पूर्ण. कार्यरत. मग पुढच्या कामाला लागायचं.

"भाऊसाहेब," मोठ्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, "त्या मलाही हव्या होत्या. बारा वर्षं आम्ही शेजारी बसून डबा खाल्लाय. पण मला वर्गावर माणूस हवंय."

"प्रतीक्षा यादीत गणिताची एकच मुलगी उरलीय," मी म्हणालो. "यादीची मुदत आज पाचला संपते."

"आज?"

"आज. नाहीतर पुढची भरती जूनमध्ये."

त्या घड्याळाकडे बघायला लागल्या. सव्वातीन झाले होते. "मग इथे काय करताय?" त्या ओरडल्याच. "उठा! आता फिरायला कुणी नको म्हणत नाही!"

शिक्षणाधिकारी साहेब त्यांच्या खोलीत जिल्ह्याचा अहवाल वाचत होते. तो सोमवारी वर जायचा होता. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, जिल्ह्यातले शंभर टक्के वर्ग पात्र शिक्षकांकडे.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं.

"दोन आठवडे थांबा," साहेब म्हणाले. "अहवाल जाऊ दे, मग दाखवू रिकामी. एका पदाने काय बिघडतंय?"

"यादी आज संपते साहेब."

"अहो, चौदा वर्षं तुम्हीच घासलीत ना यासाठी? आणि तुम्हीच खोडणार?"

"खोडायला ते खरं कुठंय? सात महिने खोटं आहे. मीच ठेवलंय."

साहेबांनी चष्मा काढला. "मी तुम्हाला म्हटलं होतं, महिनाभर रजा घ्या."

"घरी बसवत नव्हतं."

"इथे तरी कुठे बसवतंय? दिवसभर येरझाऱ्या चाललेल्या असतात. शिपाई म्हणतो, भाऊसाहेबांच्या चपला दोन महिन्यांत झिजल्या." ते हसायला गेले, पण हसू आलं नाही. "लेखी द्यावं लागेल. मेमो निघेल. सेवापुस्तकात नोंद होईल. अठ्ठावीस वर्षांत पहिली."

"निघू द्या."

मी लिहून दिलं. चार ओळींत झालं. कारण लिहायचं होतं तिथे मी 'माझी चूक' एवढंच लिहिलं. साहेबांनी अहवालाचं पहिलं पान काढून घेतलं आणि मला म्हणाले, "जा, आधी ते करा."

तिच्या ओळीपुढचं 'कार्यरत' खोडायला मला वीस मिनिटं लागली. एकदा पेन खाली पडलं, एकदा मी जिन्यापर्यंत जाऊन आलो. मोठ्या बाई समोर बसून होत्या. घाई करा म्हणाल्या नाहीत. 'रिक्त' लिहून झाल्यावर त्यांनी कागद स्वतःच उचलला आणि सहीसाठी साहेबांकडे नेला. पाचला सात मिनिटं कमी असताना मी यादीतल्या मुलीला फोन लावला.

"खरंच?" ती म्हणाली. "मी तीनदा फोन केला होता. तुम्हीच म्हणाला होतात जागा नाही म्हणून."

"मीच म्हणालो होतो," मी सांगितलं. "आता आहे."

रात्री लेकीचा फोन आला. तिला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, जेवून घ्या."

बारा दिवसांनी नवी बाई रुजू झाली. रुजू अहवाल आणायला एरवी शिपाई जातो. त्या दिवशी मीच गेलो. मोठ्या बाई तासावर होत्या, म्हणून व्हरांड्यात थांबलो. थांबलो कसला, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिलो. सहावीच्या वर्गाचं दार उघडं होतं.

नवी बाई लहानखुरी, आवाज खणखणीत. तिने फळ्यावर दहा हजार लिहिले, खाली तीन हजार सहाशे अठ्ठ्याहत्तर, आणि वजाबाकी करायला घेतली. शून्यातून आठ जात नाहीत, शेजारी हातचा मागू, शेजारीही शून्य.

"बाई," मागून एक मुलगी म्हणाली, "आमच्या बाई असं नव्हत्या करत."

मी दाराच्या अलीकडे थांबलो. नवी बाई आता रागावणार असं मला वाटलं.

"मग कशा करायच्या?" तिने खडू पुढे केला. "ये, दाखव."

मुलगी फळ्यापाशी आली. तिने दोन्ही आकडे पुसले. वर लिहिलं नऊ हजार नऊशे नव्याण्णव, खाली तीन हजार सहाशे सत्त्याहत्तर.

"दोन्हीतून एक-एक काढून टाकायचा," ती म्हणाली. "मग हातचा लागतच नाही."

"आणि उत्तर चुकत नाही?"

"नाही. दोघांकडून सारखंच गेलं ना."

तिने भराभर वजाबाकी केली. सहा हजार तीनशे बावीस. नवी बाई क्षणभर फळ्याकडे बघत राहिली. मग तिने टेबलावरची आपली वही उघडली आणि ते उतरवून घेतलं.

मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. तास संपेपर्यंत उठलो नाही.