मर्व्हची हिरवळ आणि खिळ्यावरचा मी

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. जेवणाचा नव्हे. लांब दांड्याचा, चार लोखंडी दातांचा, बागेतली माती मोकळी करणारा. ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगो गावात मर्व्हच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी खिळ्याला टांगलेलो असतो, आणि खरं सांगतो, माझं डोकं फिरलेलं आहे.

मर्व्हच्या सासऱ्याने मला आणलं. दरवर्षी तो मला हिरवळीत रोवायचा, वर पाय देऊन हलवायचा. त्या भोकांतून पाणी खोल जायचं आणि मुळं त्याच्या मागे. शेजाऱ्यांना तो कौतुकाने मला दाखवायचा. तो गेला आणि मर्व्हने मला टांगून टाकलं. गुळगुळीत हिरवळीला भोकं पाडणं त्याच्या जिवावर यायचं.

मग दुष्काळ पडला. नळीने पाणी घालायला बंदी आली. घरोघर लोक शॉवरखाली बादली ठेवून आंघोळ करू लागले. मर्व्ह रोज ती बादली घेऊन सगळ्या हिरवळीवर मगाने थोडं थोडं शिंपडायचा. वरची माती जेमतेम ओली, खालची ठणठणीत कोरडी. मुळं वरच रेंगाळली आणि त्यांना हुमणी लागली.

हुमणीच्या त्या पांढऱ्या अळ्या खायला मॅगपाय पक्षी उतरले आणि हिरवळ टोचू लागले. मर्व्ह टॉवेल फडकवत धावला.

"हाड्! मेल्यांनी लॉनची वाट लावली!"

"अरे, खाली काहीतरी असणार म्हणून टोचतायत," त्याची बायको नोएलीन म्हणाली. "बाबांचा काटा काढून बघ ना."

"वेडी आहेस का? टीगनचं लग्न याच लॉनवर आहे. लेकीच्या सासरच्यांना भोकं दाखवू?"

भिंतीवर मी नुसता चरफडलो. हिरवळ पिवळी पडली, तर या गृहस्थाने तिला चक्क हिरवा रंग फवारला!

"बघ, कशी हिरवीगार!"

"छान. उरलेल्या रंगात कुंपणही उरक," नोएलीन म्हणाली.

लग्नाच्या दिवशी टीगन बापाचा हात धरून निघाली. मर्व्हच्या बुटाचं टोक अडकलं आणि हिरवळ चटईसारखी उचलली गेली. खाली हुमणी वळवळत होती.

"बाबा," टीगन हळूच म्हणाली, "याला मुळंच नाहीत."

लहानपणापासून तिला त्या हिरवळीवर लग्न करायचं होतं. ते मोटार उभी करायच्या सिमेंटवर लागलं.

दुसऱ्या दिवशी मर्व्ह शेडमध्ये आला. त्याने मला खाली घेतलं आणि जिथे थोडी हिरवळ तग धरून होती तिथे खोल रोवलं. नोएलीनने अख्खी बादली तिथेच ओतली. कुंपणावर मॅगपाय येऊन बसला. मर्व्हचा हात सवयीने टॉवेलकडे गेला आणि तिथेच थांबला.

मित्रांनो, हिरवळ कदाचित पुन्हा येईल. टीगनच्या लग्नाच्या फोटोत मात्र सिमेंटच राहील. म्हणून सांगतो, जे जपायचं आहे त्याच्या मुळाशी वेळेवर बघा. वरून गोंजारून ते जगत नाही. आणि माझ्यासारखा कुणी तुमच्या भिंतीवर टांगलेला असेल, तर त्याला लग्नाच्या आधी खाली काढा.