खिळ्यावरची पिशवी

तांदूळ धुवायच्या आधी मालसुन आजी एक चमचा बाजूला काढायची. घरात माणूस एक, म्हणून चमचाही एक. आठवड्याचे तांदूळ कापडी पिशवीत भरायचे आणि रविवारी देवाचा वाटा म्हणून ती पिशवी चर्चच्या भिंतीवर आपल्या खिळ्याला टांगायची. प्रत्येक घराचा खिळा ठरलेला, प्रत्येक पिशवीवर दोऱ्यानं भरलेलं नाव. कोणाची पिशवी फुगलेली, कोणाची लोंबतेय, सगळं गाव बघणार.

शेजारच्या इपबुनची पिशवी तीन रविवार रिकामी लटकली. लोकांचं तिच्या बाजूला बसणं बंद झालं. चौथ्या रविवारी ती आलीच नाही.

मालसुन आजीनं मग तिला चर्चमागचा आपला जमिनीचा तुकडा कसायला दिला. वीस वर्षं समुद्रकाठी शिंपल्या फोडून, बोटं चिरून घेऊन विकत घेतलेला. कोबी लाव म्हणाली, पोरांना हिवाळाभर खारवलेल्या कोबीची किमची तरी मिळेल. कुठं लिहिलं नाही, कोणाला सांगितलं नाही.

सुगीबद्दल देवाचे आभार मानायचा, उपकारस्तुतीचा रविवार आला. कोबी आठवड्यात काढायचा होता. प्रार्थना झाली आणि चर्चचे पंच सोकसाहेब उठले. उपदेश करणारे पाळक वयानं थकलेले, त्यामुळे चर्चमध्ये शब्द पंचांचाच. त्यांनी जाहीर केलं की गाड्या लावायला जागा मिळाली, मालसुनबाईंनी मागची जमीन प्रभूला वाहिली. टाळ्या पडल्या.

आजीला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं. पंचांची ही जुनीच रीत. आधी टाळ्या वाजवून घ्यायच्या, मग कागद सहीला घरी पाठवायचा. एकाची होडी अशीच गेली, एकीची सोन्याची अंगठी. टाळ्यांनंतर नाही कोण म्हणणार? याला दान म्हणतात तिथं. ही लूट आहे, फक्त गाणी म्हणून केलेली.

आजी उठली. "सोकसाहेब, मी जमीन दिलेली नाही."

पंच हसले. "वय झालं आजी, विसरलात."

"कुठली शिंपली बोटाला लागली तेही सांगते. विसरत नाही मी."

"अहो, सगळं देवाचंच. आपलं काय असतं?"

"मग तुमच्या अंगणात लावा की गाड्या. तेही देवाचंच."

पंचांच्या बायकोनं मागून टोमणा मारला, "म्हातारीला कोबी प्यारा. वर नेणार आहे बरोबर."

समोरचा बाक आजीनं घट्ट धरला.

"जमीन माझी आहे. माझी आहे म्हणूनच मला ती देता येते. आणि ज्याला गरज आहे त्याला मी कधीच दिलीय. तुम्ही देताय ते माझ्या हातातून ओढून. त्यात तुमचं काय गेलं, आणि देवाला काय मिळालं?"

पाळकांनी मान खाली घातली.

चर्च सुटल्यावर आजीनं पाहिलं, तिचा खिळा कोणीतरी उपटला होता. पिशवी खाली पडलेली, तांदूळ जमिनीवर. तिनं वाकून दाणा न् दाणा वेचला. आजूबाजूनं चपला निघून गेल्या, एकही थांबली नाही.

घरी येऊन तिनं पिशवीवरचं नाव उसवलं आणि ती इपबुनच्या उंबऱ्यात नेऊन ठेवली. तो आठवडा दोघींनी मिळून कोबी काढला, मीठ लावलं, रांजण भरले.

पुढच्या रविवारी आजी चर्चमध्ये गेली. भिंतीतल्या त्या भोकाखालीच बसली. देव काही पंचांच्या मालकीचा नव्हता.

तिच्या शेजारची जागा मोकळी होती. अजून मोकळीच आहे.