रचनाकाराचा रकाना

"काका, 'पारंपरिक' टाका आणि मोकळे व्हा," तेजल म्हणाली. "सोमवारी सगळं पुण्याला पाठवायचंय."

कैलास पालवने स्क्रीनवरची नजर काढली नाही. "पारंपरिक म्हणजे कोणीच नाही. कोणीतरी बसून रचलीच असेल ना?"

अंबरनाथला गोदूबाईंनी चाळीस वर्षं गाण्याचा क्लास चालवला. कैलास त्या क्लासचा तबलजी. दिवसा फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये नोकरी, संध्याकाळी बाईंकडे ठेका. पुढे बाईंना ऐकू येईनासं झालं, क्लास बंद पडला आणि त्या मुलाकडे वांगणीला राहायला गेल्या. मागे उरल्या कॅसेट. बाईंच्या नातीने, तेजलने, त्या कॉम्प्युटरवर घेतल्या. तीनशे चौऱ्याऐंशी फाइली झाल्या. पुण्याच्या एका संगीत महाविद्यालयाने हा संग्रह आपल्या वेबसाइटवर ठेवायचं कबूल केलं. अट एकच होती, प्रत्येक फाइलीत राग, ताल आणि रचनाकार भरलेला हवा.

राग-ताल आठवड्यात उरकले. रचनाकाराने दोन महिने खाल्ले. एकाच बुवांचं नाव कुठे आडनावाने, कुठे टोपणनावाने, कुठे नुसतं 'गुरुजी'. कॉम्प्युटरला ती तीन वेगळी माणसं वाटायची. स्टोअरमध्ये असले घोळ निस्तरण्यातच कैलासची एकतीस वर्षं गेली होती. एकच बोल्ट दोन नावांनी नोंदला गेला, की खण भरलेला असूनही नवी मागणी जायची. त्याने वही केली, एका माणसाला एकच नाव ठरवलं आणि फाइलीमागून फाइली दुरुस्त केल्या. आता बावीस रिकामे रकाने उरले होते. त्या बाईंच्याच रचना असाव्यात असं त्याला वाटत होतं. पण नुसत्या वाटण्यावर नोंद करायची त्याला सवय नव्हती.

शनिवारी सकाळी दोघं वांगणीला गेली. कैलासने रिकाम्या बावीस आणि आधीच बाईंच्या नावावर असलेल्या, अशा सगळ्या बंदिशींची यादी मोठ्या अक्षरांत छापून नेली होती. बाई खिडकीशी बसून वाचू लागल्या. बोटं खुर्चीच्या हातावर मात्रा मोजत होती.

"ही माझी. ही माझ्या गुरूंची, त्यांचं नाव लाव. ही माझी."

मग बोटं थांबली. 'खारो जल, मीठो नाम तिहारो.' भीमपलास, तीनताल.

"इथे माझं नाव कुणी घातलं?"

तेजलने पाटीवर लिहून दाखवलं, 'मी. तुझीच आहे ना आजी? बक्षीस मिळालं होतं.'

"सोमाची आहे ती," बाई मोठ्याने म्हणाल्या. आपला आवाज किती चढलाय ते त्यांना कळत नव्हतं. "सोमा भोपी. कैलास, आठवतो तुला?"

कैलासला आठवला. लेथवर काम करणारा, मागच्या भिंतीला टेकून बसणारा, नखांत तेलाचा काळेपणा.

"उरणच्या मिठागरावर वाढलेला पोरगा. मी मिरजेची, मला खाऱ्या पाण्याचं काय ठाऊक? स्पर्धेत निवेदकाने रचना माझी म्हणून सांगितलं. माइक समोर होता. एक वाक्य बोलायचं होतं, नाही बोलले. सोमा तिसऱ्या रांगेत बसला होता. पुढच्या सोमवारी क्लासला आला. तो काही बोलला नाही, मीही नाही. मग यायचा बंद झाला."

त्या दिवशी स्टेजवर तबल्याला कैलासच होता. बक्षिसाचे पेढेही त्याने खाल्ले होते.

बाहेर आल्यावर तेजल रडवेली झाली. "काका, ही एकच तर बंदिश लोकांना माहितीये आजीची. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे ती. आता काढून काय मिळणार? कोणाला कळणार आहे?"

"बाईंनी सांगितलं, मी ऐकलं. आता न ऐकल्यासारखं कसं करू?"

"आणि पूर्ण नाव कुठून आणणार त्याचं?"

"शोधतो."

त्याने तिथूनच पुण्याला फोन लावला. ही बंदिश बाईंची नाही हे ऐकून महाविद्यालयाचे सर अवघडले. वेबसाइटच्या पहिल्या पानावर गोदूबाईंचा फोटो आणि हीच बंदिश टाकायची ठरली होती, ते आता जमणार नाही म्हणाले. "नका टाकू," कैलास म्हणाला. "बाकी फाइली घ्या." ते घेतो म्हणाले.

मग जुन्या ओळखींना फोन सुरू झाले. सातव्या फोनवर पत्ता लागला. सोमा आठ वर्षांपूर्वी वारला होता. मुलगी तुळशी बदलापूरला, हेंद्रेपाड्यात राहते.

रविवारी दुपारी कैलास निघाला तर बिल्डिंगखाली तेजल लॅपटॉप घेऊन उभी. दोघं स्टेशनकडे चालू लागली.

तुळशी पन्नाशीची, ताटात सुकट निवडत बसली होती. सगळं ऐकून घेऊन ती हसली.

"आमचा बाबूस नि गानी? नाय ओ दादा, तुमी चुकलाव. तो लेथवर होता."

"घरी कधी गुणगुणायचे का?"

"आंघोल करताना. आई वरडायची, पानी संपल म्हनून." तिने ताट बाजूला सरकवलं. "क्लासला जायचा ते मना म्हाईतच नाय."

"मावशी, त्यांचं पूर्ण नाव सांगा," तेजल म्हणाली.

"सोमा जनू भोपी. जनू आज्याचा नाव. तेपन लिवा."

तेजलने रकान्यातलं आजीचं नाव पुसलं आणि एकेक अक्षर टाइप केलं. मग स्क्रीन तुळशीकडे वळवली. तुळशीने हात पदराला पुसला आणि नाव वाचलं, ओठ हलवत, दोनदा.

"आता ऐका," कैलास म्हणाला. "आवाज बाईंचा आहे. शब्द आणि चाल तुमच्या वडिलांची."

तंबोरा लागला. पंख्याच्या घरघरीत तो नीट ऐकू येईना. तुळशी उठली, तिने पंखा बंद केला आणि भर उकाड्यात दाराशी उभी राहून ती ऐकू लागली.