शंभराव्या जोडापुढे

"काका, पाय मागे घ्या. सुरू होताना ते जरा लाथा झाडतं," मशीनवाली बाई म्हणाली.

ठोकेकाकांनी पाय मागे घेतला. दगडांवर बसलेलं ते चार पायांचं पिवळं यंत्र उठलं, जागच्या जागी दोनदा पाय आपटून स्थिर झालं. चौकीवरच्या वॉचमनने "याला दाणापाणी काय घालायचं?" असं विचारलं आणि स्वतःच पोट धरून हसला. काका हसले नाहीत. हल्ली त्यांना हसायचं आठवावं लागे, आणि आठवेपर्यंत विनोद शिळा होई.

धरणातून शहराकडे जाणारा पाण्याचा मोठा पाइप डोंगराच्या अंगावरून सात किलोमीटर गेला होता. त्याला एकशे वीस जोड. अठ्ठावीस वर्षं काकांनी ही वाट रोज तुडवली होती. प्रत्येक जोडावर काठीचा ठोका मारायचा, कान लावून आवाज ऐकायचा आणि परत आल्यावर चौकीतल्या वहीत लिहायचं, 'ठीक'. म्हणून ते ठोकेकाका. खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक. नाकासमोर चालणारा माणूस, असं सगळे म्हणत. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते, आणि 'अठ्ठावीस वर्षांत एकही गळती नाही' असं मानपत्र छापूनही आलं होतं.

त्यांच्या जागी हे चौपायी येणार होतं. त्याआधी काकांनी त्याला वाट दाखवायची होती.

"चाकांची गाडी का नाही आणली?" चालता चालता काकांनी विचारलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून.

"चाकाला सलग रस्ता लागतो. याला पाय टेकवायला वीतभर जागा पुरते," बाई धापा टाकत म्हणाली. "आणि एक पाय चुकलाच, तर बाकीचे तीन सावरतात."

यंत्र खरंच चालत होतं. दगड सरकला की पाय उचलायचं, दुसरीकडे टेकवायचं, पुन्हा पुढे. कुरकुर नाही, दम नाही.

शंभराव्या जोडापाशी काका पाइपच्या सावलीत बसले.

"पुढे तुम्हीच न्या. माझा गुडघा साथ देत नाही. आणि खरं सांगू का, पुढचं कशाला बघता? सगळे सुटे दगड आहेत. पडेल बिडेल."

"अहो, सुट्या दगडांसाठीच तर आणलंय त्याला!" बाई त्यांच्या शेजारीच बसली आणि मांडीवर स्क्रीन घेतला. "आपण इथूनच बघू."

दोन वर्षं काका रोज इथेच बसत आणि इथूनच मागे फिरत. वहीत मात्र एकशे वीसच्या एकशे वीस जोड ठीक असत. त्यांचं घर शेवटच्या टप्प्याखाली होतं. दुपारी बायको डबा घेऊन एकशे बाराव्या जोडापर्यंत चढून यायची. "एवढ्या दगडांतून येऊ नकोस," असं ते म्हणाले की म्हणायची, "तुमच्या हाताला चव असती तर कशाला आले असते?" एका दुपारी ती घसरली आणि थेट खाली गेली, ती गेलीच. दगडच सुटे, नशीबच तसं, असं लोक म्हणाले. काकांनी मान हलवली. तेव्हापासून ते बऱ्याच गोष्टींना नुसती मान हलवत.

स्क्रीनवर एकशे दहावा जोड गेला. एकशे अकरावा गेला. मग एकदम हिरवं दिसलं. त्या उघड्याबोडक्या डोंगरावर गुडघाभर गवत माजलं होतं. यंत्राने एका सपाट दगडावर मागचा पाय ठेवला, तो सर्रकन निसटला, सगळं अंग कलंडलं. तीन पाय खटाखट आपटले आणि यंत्र पुन्हा सरळ उभं राहिलं.

"परत दाखवा," काका म्हणाले.

तिने दाखवलं. त्यांनी तीनदा पाहिलं. बायकोला दोनच पाय होते, एवढंच त्यांच्या मनात आलं. रडू वगैरे काही आलं नाही.

"शेवाळ आहे काका! दगड ओला आहे. हे बघा, जोडातून ठिबकतंय." बाईचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. तिला मानपत्र आठवलं असावं. "थेंब थेंबच आहे, मीटरचा काटासुद्धा हलायचा नाही. गळती आजच सुरू झाली असं लिहू. झाकली मूठ राहील."

"दोन वर्षं एक महिना झाला," काका म्हणाले.

"कशाला?"

"या गळतीला. बुधवारी ठोक्याचा आवाज बसका आला. हात लावला तर ओला. कळवलं असतं तर पाणी बंद करून त्याच दिवशी दुरुस्ती झाली असती. पण माझ्या वहीत एकही गळती नव्हती ना! म्हटलं, रविवारी पाना घेऊन येऊ, गुपचूप आवळू. वहीत लिहिलं ठीक." त्यांचा आवाज जोडांचे आकडे सांगावेत तसा सपाट होता. "शुक्रवारी माझी बायको घसरली. याच दगडावरून."

बाईने हळूच विचारलं, "घरी माहीत आहे?"

"मुलीला नाही. तिला संध्याकाळी सांगतो. आधी तुम्ही लिहा."

"काका, ते मानपत्र..."

"त्यातलं एक वाक्य खोटं आहे. बाकीचं ऑफिसला ठेवायचं तर ठेवू दे."

स्क्रीनवर रकाना होता, 'गळती कधीपासून'. काकांनी तारीख सांगितली, तिने ती भरली. मग काका काठी टेकून उठले आणि पुढच्या बाजूला वळले.

"अहो, कुठे निघालात? गुडघा?"

"गुडघ्याला काही झालेलं नाही, बाई."

पहिल्या सुट्या दगडापाशी ते थांबले. पाय ठेवण्याआधी दगड काठीने दाबून पाहिला, मग पाय ठेवला. एकशे एकाव्या जोडावर त्यांनी ठोका मारला, वाकून कान लावला.

"ठीक," ते म्हणाले. एकशे बाराव्यापर्यंत अजून अकरा जोड चालायचे होते.