लाल बटणाची ओळ

गुन्वोर थेलिनच्या दाराशी उभं राहून रूने ओकरब्लूमने घंटा दाबायला हात वर केला आणि तसाच परत खिशात घातला. पंचावन्न वर्षांचा माणूस, त्यातली तीस टेलिफोन-मंजुरीच्या कचेरीत गेलेली, आणि आज एका म्हातारीची घंटा वाजवायला त्याला धीर होत नव्हता.

त्याच्या सहीशिवाय स्वीडनमध्ये परदेशी फोन विकता येत नसे. युरोपात जितके देश, तितके फोनचे हट्ट. डेन्मार्कात नऊ आकडा लावला की तारेतून नऊ ठोके जातात आणि शून्याला दहा; ते मोजून पलीकडचं यंत्र आकडा ओळखतं. स्वीडनमध्ये शून्याला एक ठोका, एकाला दोन, असं करत करत नऊला दहा. का, ते विचारू नये. कुणा आजोबांनी एकदा ठरवलं आणि नातवंडं निस्तरताहेत. या निस्तरण्यावरच रूनेसारख्यांची पोटं भरत होती.

गेल्या वर्षी, १९८५च्या जूनमध्ये, एका डॅनिश कारखान्याचा खास म्हाताऱ्यांसाठी बनवलेला फोन त्याच्या टेबलावर आला. मोठमोठी बटणं, आणि बाजूला एक लाल. ते दाबलं की तातडीच्या मदतीचा ९०००० हा नंबर आपोआप लागायचा. रूनेने दहा आकड्यांची दहा बटणं तीन-तीनदा दाबून ठोके मोजले. सगळं चोख. लाल बटणाला मात्र त्याच्या तपासणीच्या छापील तक्त्यात ओळच नव्हती. लाल बटण उत्तम चालतं, असा डेन्मार्कच्या प्रयोगशाळेचा दाखला सोबत होता. दुसऱ्या दिवसापासून मिडसमर सणाची सुट्टी, बायको गाडीत सामान भरून खाली थांबलेली. त्याने तक्त्याखाली 'लाल बटण : डॅनिश दाखल्याप्रमाणे' असं लिहिलं आणि सही ठोकली. दाबून बघायला दोन मिनिटंही लागली नसती.

कारखान्याने लाल बटणात नंबर स्वीडनचा भरला होता, पण ठोके डेन्मार्कचेच ठेवले होते. त्यामुळे इथल्या तारेवर नऊ ठोक्यांचा आठ आणि दहा ठोक्यांचा नऊ होऊन ९००००चा व्हायचा ८९९९९. आणि या गावात तो नंबर होता गुन्वोर थेलिनचा.

शेवटी त्याने घंटा दाबली.

"टेलिफोनवाला का रे तू? ये, ये. बूट तिथे काढ. कॉफी टाकलीच आहे." सत्तरीची बाई, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली. तिने वेलदोड्याचे पाव त्याच्यापुढे सरकवले.

"लाइन तपासायला आलोय," रूने म्हणाला. हे खोटं त्याने रेल्वेतच तयार करून ठेवलं होतं.

"लाइनीला काय धाड भरलीय! बिघडलेय ती मी." ती समोर बसली. "फेब्रुवारीत एका सकाळी सहा वेळा फोन वाजला. मी नेहमीसारखा उचलून माझा नंबर सांगितला, आठ, नव्याण्णव, नव्याण्णव. पलीकडून नुसती घरघर. वाटलं, कुणीतरी चावट मेला. म्हटलं, 'लाज नाही वाटत, आईच्या वयाच्या बाईला छळायला?' आणि आपटला. पाचव्यांदा तर त्यात शिट्टी फुंकली, शाळेतली. सहाव्यांदा उचललाच नाही."

रूनेच्या हातातला पाव तसाच राहिला.

"वाल्फ्रिड नोर्द होता तो, लाकूड-गिरणीतला. झटका आलेला, वाचा गेलेली. संध्याकाळी त्याची मुलगी उल्ला आली तेव्हा जमिनीवर सापडला, रिसीव्हर हातात. ते ऐकलं आणि मला ती घरघर आठवली. दोन दिवसांनी गेला. ती रस्त्यात दिसली की मी समोरच्या दुकानात शिरते. मरणाऱ्या माणसाच्या कानात शिट्टी फुंकली रे मी!"

कालच या मृत्यूची फाइल समोर ठेवून साहेब रूनेला म्हणाले होते, "आपल्या तक्त्यात ओळ नाही ना? मग आपली चूकही नाही. कारखान्याचं नाव घाल आणि फाइल बंद कर." ते ऐकून रूनेला हायसं वाटलं होतं. त्या हायसं वाटण्याची त्याला आत्ता मेल्याहून मेल्यासारखी शरम वाटली.

त्याने सगळं सांगून टाकलं. ठोके, दाखला, सुट्टी, सही.

"दाबून बघितलं नाहीस?"

"नाही."

"एकदाही?"

"तक्त्यात ओळ नव्हती." स्वतःचा आवाज त्याला साहेबांसारखाच वाटला.

"मी तीनशे पोरांचं जेवण शिजवायचे. तक्ता माझ्याकडेही होता. पण चाखल्याशिवाय एक पातेलं बाहेर गेलं नाही बाबा." तिने कप बाजूला ठेवला. "असे आणखी फोन आहेत?"

"चारशे. परवाच सगळे परत मागवले. म्हणजे बघा, तुमचा यात काही दोष नाही."

"माझं मी बघेन. शिट्टी मीच फुंकली, तू नाही. उल्लाला हे माहीत आहे?"

"कचेरीतून पत्र जाईल. कारखान्याचं नाव घालून."

"म्हणजे नाही."

ती उठली, भिंतीजवळच्या फोनची तबकडी फिरवली. उल्लाचा नंबर तिला पाठ होता. कितीदा फिरवून अर्धवट सोडला असेल, कोण जाणे. रिसीव्हर तिने त्याच्या हातात दिला.

दोनदा घंटी वाजली. "सव्वीस, चौदा, तीन," एका बाईने इथल्या रीतीप्रमाणे आपला नंबर सांगितला.

रूनेने तोंड उघडलं, पण पहिला शब्द सापडेना. तारेतून नुसता त्याचा श्वास गेला.

"हॅलो? कोण आहे? बोला ना!"

"ती ठेवून देईल रे," गुन्वोर त्याच्या दंडाला धरून म्हणाली. "बोल!"

"माझं नाव रूने ओकरब्लूम," तो कसाबसा म्हणाला. "तुमच्या वडिलांचा फोन मी मंजूर केला होता. लाल बटण मी दाबून बघितलं नव्हतं."